बाळूची भरती, माझी भरती

मला भरती केलं तेव्हा कुणी नाव विचारलं नाही. उंची विचारली.

शिरपूर जैनला आमच्या वस्तीच्या मागं एक पडीक जागा आहे. तिथं आम्ही पोरं कबड्डी खेळायचो. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. तालुक्याच्या एका गावाहून कॉलेजचे स्पोर्टचे सर मोटारसायकलवर आले. उभ्या उभ्या दोन डाव पाहिले. मग खिशातून शिंप्याकडं असते तसली टेप काढली, मला बाभळीला पाठ लावून उभं केलं आणि मापलं. सहा फूट दोन इंच. म्हणाले, हात पसर. हातही मापले.

"बास्केटबॉल खेळला काय कधी?"

"नाही सर."

"पाह्यला?"

"टीव्हीवर."

"चालते. सोमवारी टीसी घेऊन ये. फी माफ, होस्टेल माफ, मेस माफ. आपल्याला फक्त खेळायचं."

घरी सांगितलं. माय भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "फुकट कोणी नेत नसते बाप्पा. बैल नेतानाही दात पाह्यतेत, मंग पैसे देतेत." मला राग आला. त्या दिवशी मला कुणीतरी निवडलं होतं. आमच्या वस्तीतल्या पोराला कुणी निवडणं म्हणजे काय, ते ज्याला कधी निवडलं गेलं नाही त्यालाच कळतं.

शिरपूरचं थोडं सांगतो. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं हे गाव, जैनांचं मोठं तीर्थ. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. दिगंबर-श्वेतांबरांच्या वादात ते मंदिर १९८१ साली कुलूपबंद झालं, ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यावर उघडलं. माझं सगळं लहानपण त्या कुलपाच्या गावात गेलं. दूरदूरचे यात्रेकरू यायचे, झरोक्यातून बघून जायचे. आमचा आजा म्हणायचा, देव अधांतरी असला तर लोक गाड्या करून पाहायला येतात, माणूस अधांतरी असला तर कोणी ढुंकून पाहत नाही.

दोस्तहो, मी इतिहासाचा पदवीधर नाही. कशाचाच नाही. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलं. अकोल्याला डाळ मिलमध्ये काम करतो, पन्नास किलोचे कट्टे उचलतो, रात्रपाळी सुटली की वाचतो. वाचता वाचता माझ्या हाताला जे लागलं ते तुमच्यासमोर ठेवतो. सुरुवात माझ्यापासून केली म्हणून रागावू नका. आधी पायातला काटा दिसला, तो बाभळीचा आहे हे मागून समजलं.

कॉलेजात गेलो. डांबराचं एक मैदान, दोन लोखंडी खांब, एका रिंगला जाळी, दुसरीला नाही. आमच्या भागात बास्केटबॉलचे संघ कमी. म्हणून विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन सामने मारले की थेट उपांत्य फेरी. एखादा पोरगा विद्यापीठाच्या संघात गेला की तो कलर होल्डर. त्याला कोट मिळतो आणि कॉलेजला फोटो. नॅकची मंडळी तपासायला येतात तेव्हा कपाटात ढाली दिसाव्या लागतात. मैदानावर पाच, बाकावर सात. त्या बारांसाठी सर गावोगाव टेप घेऊन हिंडत होते. त्यात त्यांचं वाईट म्हणण्यासारखं काही नाही. उलट त्यांनी मला चेंडू धरायला शिकवलं, आणि चेंडू धरता आला की माणूस थोडा ताठ चालतो.

महिनाभरानं स्कॉलरशिपच्या खिडकीवर उभा होतो. क्लार्क म्हणाला, सही कर. मी म्हटलं, माझी तर फी माफ आहे, खेळातून. तो हसायला लागला.

"तुला कोणी माफ केली? तुझी फी भारत सरकार भरते. एससी आहे नं तू? उत्पन्नाचा दाखला जोडला नं? मंग खेळ नाही तर नको खेळू, फी तर येतेच."

मी खिडकीवरच उभा राहिलो. मागचे पोट्टे ढकलायला लागले.

ही भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. तिथं बसून त्यांनी अस्पृश्यांच्या पोरांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला ३ लाख रुपये मंजूर करून घेतले. महायुद्ध चालू होतं, इंग्रजाला तोफा आणि लोखंड लागत होतं, आणि हा माणूस पोरांच्या फीचा हिशोब मांडत होता. म्हणजे बाबासाहेबांनी आमच्या नावावर ठेवलेली रक्कम मला बक्षीस म्हणून दाखवली गेली, आणि तिच्या बदल्यात माझे गुडघे घेतले गेले. कॉलेजच्या खिशातून गेलं ते फक्त मेसचं ताट आणि एक जोडी बूट. सर खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनी हिशोब सांगितला नाही, आणि मी विचारला नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच चक्र फिरू लागलं. आमच्यातल्या माणसाला खेळासाठी याआधी कुणी उचललं असेल? कशासाठी? आणि काय दिलं?

तिथं मला पालवणकर बाळू भेटला.

आपल्यातल्या बऱ्याच पोरांना हे नाव माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते तोंड वाकडं करतात. त्याचं कारण पुढं येईल. रामचंद्र गुहा यांनी या माणसावर पुष्कळ लिहिलं, म्हणून आता इंग्रजी वाचणाऱ्यांना तो ठाऊक झाला. आपल्याला तो आपल्या घरातून ठाऊक व्हायला हवा होता.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. बाप लष्कराच्या चाकरीत, म्हणून पोरं पुण्याच्या छावणीत वाढली. गोऱ्या सोल्जरांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात. काम काय, तर मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, आणि अधूनमधून मेंबरांना सरावासाठी चेंडू टाकायचा. पगार महिन्याला ३ रुपये. पुढं १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तिथं ४ रुपये. जाळी लावायची, रेषा मारायच्या, टेनिसचं कोर्टही आखायचं. एका गोऱ्यानं त्याला जाळीत चेंडू टाकायला लावलं आणि लोकांच्या ध्यानात आलं की हा डावखुरा गडी चेंडू दोन्ही अंगांनी वळवतो.

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज होता, त्या काळातला मोठा. तो रोज सगळ्यांच्या आधी तासभर यायचा आणि बाळूला चेंडू टाकायला लावायचा. बाळूनं त्याला बाद केलं की दर वेळी ८ आणे द्यायचा. हिशोब करा. महिन्याचा पगार ४ रुपये, आणि आठ वेळा ग्रेगचा दांडा उडवला की तेवढेच पैसे. बाळूची गोलंदाजी अशी आठ-आठ आण्यांनी धारदार होत गेली. पण त्या सगळ्या वर्षांत त्याला फलंदाजीला मात्र कुणी बोलावलं नाही. बॅट धरणं हे साहेबाचं काम, चेंडू टाकणं नोकराचं. आपल्याकडं काठी कोणाच्या हाती आणि केरसुणी कोणाच्या, तसंच हे.

आता भरती बघा. पुण्यात हिंदूंचा एक क्लब होता. त्यांना युरोपियनांना हरवायचं होतं. हरवायला बाळू पाहिजे, आणि बाळू तर चांभार. क्लबात वाद झाला. काही तेलुगू मेंबर म्हणाले घ्या, काही मराठी ब्राह्मण म्हणाले नको. खुद्द ग्रेगनं बाहेर सांगितलं की या माणसाला न घेणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी घेतलं. घेतलं म्हणजे कसं घेतलं? मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरायचा. बाळूनं थुंकी लावून घासलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षकाच्या हातात जायचा, आणि विटाळ व्हायचा नाही. चहाची सुटी झाली की विटाळ सुरू. सगळे मंडपात कपबशीनं चहा पिणार, बाळू मंडपाबाहेर मातीच्या वाडग्यातून. तोंड धुवायचं तर अस्पृश्य नोकर कोपऱ्यात पाणी घेऊन येणार. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण मला एक कप आठवला. आम्ही उपांत्य सामना जिंकलो त्या संध्याकाळी गावातल्या एका बड्या माणसानं संघाला घरी चहाला बोलावलं होतं. दहा पोरांना कपबशी आली. मला आणि मांगवाड्यातल्या माझ्या एका जोडीदाराला कागदी कप. कप कमी पडले, असं ते हसून म्हणाले. पडलेही असतील. बाराच माणसं होती आणि कमी पडले ते नेमके दोन. त्या दिवशी मी १७ गुण मारले होते.

पुण्याच्या हिंदूंनी साताऱ्याच्या युरोपियन संघाला हरवलं त्यात बाळूचा मोठा हात होता. परत आल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे तिथं होते. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खायला-प्यायलाही पाहिजे, असं त्यांनी सुनावलं. टिळकांनीही बाळूला हार घातला. म्हणजे विजय मोठा असला की वाडगं थोडं मंडपाकडं सरकतं. हरले की पुन्हा बाहेर.

प्लेगच्या सुमारास, १८९६ नंतर, बाळूचं घर मुंबईला आलं. तिथंही परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्याला घ्यावं की नाही यावर काही गुजराती मेंबरांनी कुरकुर केली, पण कर्णधारानं आग्रह धरून घेतलं. बी.बी. अँड सी.आय. रेल्वेनं त्याला नोकरी दिली आणि तो रेल्वेच्या संघातून खेळू लागला. आज आपण ज्याला स्पोर्ट कोटा म्हणतो त्याचा हा पूर्वज. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघे भाऊ होते. सुधारकी वर्तमानपत्रांनी मोठे लेख लिहिले. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कर्णधारपदाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूनं त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. खांदा दुखत होता तरी घेतले. महाराजांचं नाव कर्णधार म्हणून छापून यायचं, ओझं चांभाराच्या खांद्यावर.

एवढा सगळा पराक्रम, आणि हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद? ते नाही. सोबतची, त्याच्यामागून आलेली माणसं कर्णधार झाली. हात संघात घेतला होता, डोकं घ्यायला तयार नव्हते. कर्णधार होणं म्हणजे ब्राह्मणाला 'तू तिकडं उभा राहा' असं सांगणं. हे गावात कोण खपवून घेतो, म्हणून मैदानात घेईल? १९२० च्या चौरंगी सामन्यात बाळूला वगळलं. कर्णधार पै आजारी पडले तर पालवणकर विठ्ठलला, म्हणजे बाळूच्या धाकट्या भावाला, डावलून देवधरांना कर्णधार केलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले आणि जातीचं कारण उघडपणे बोलून दाखवलं. ही गोष्ट मला ११४ बळींपेक्षा मोठी वाटते. दोस्तहो, तारीख बघा. १९२०. महाडच्या सात वर्षं आधी दोन चांभार भाऊ म्हणतात, असा खेळ आम्ही खेळणार नाही. जिमखाना हादरला. अंतिम सामन्याला भाऊ परत आले, बाळूला उपकर्णधार केलं, आणि पै मध्येच थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूच्या हाती. १९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाला आणि हिंदू जिंकले. तीस वर्षं लागली. आणि ती मिळाली कशानं? सत्कारानं नाही, बाहेर पडण्यानं.

आता जरा समुद्र ओलांडू. कारण मला ज्या खेळासाठी नेलं तो खेळ तिकडचा.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात पोरांना कोंडून ठेवण्यासाठी हा खेळ काढला. सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपलीला बूड होतं, म्हणून चेंडू पडला की शिडी लावून काढायचा. वायएमसीएच्या लोकांनी तो जगभर नेला, आपल्याकडंही आणला. मुंबईत नागपाड्याला, गोलपिठ्याच्या शेजारी, नेबरहूड हाऊस १९२७ साली निघालं. त्या गल्ल्यांतून अब्बास मुंतासिरसारखा भारताचा कर्णधार निघाला, १९७० चा अर्जुन पुरस्कारवाला. गरीब वस्ती आणि बास्केटबॉल हे नातं आपल्याकडंही जुनं आहे.

नेस्मिथ पुढं कॅन्सस विद्यापीठात गेला. १९३३ साली तिथं जॉन मॅक्लेंडन नावाचा काळा पोरगा शिकायला आला. खेळ शोधून काढणारा नेस्मिथ स्वतः त्याचा मार्गदर्शक, पण विद्यापीठाच्या संघात काळ्यांना बंदी. गुरू जवळ, मैदान लांब. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या पदवीला पोहणं सक्तीचं होतं. मॅक्लेंडन तलावात उतरला, आणि तो बाहेर आल्यावर तलावाचं पाणी उपसून टाकलं.

थांबा. पुन्हा वाचा. पाणी उपसून टाकलं. चवदार तळ्यात २० मार्च १९२७ ला आपली माणसं उतरली आणि मागून गोमूत्र-शेणाच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं. कॅन्सस ते महाड किती हजार मैल असेल, पण पाण्याची भीती तीच. तिकडं उपसलं, इकडं ओतलं.

मॅक्लेंडननं पदवी घेतली आणि नॉर्थ कॅरोलिनात काळ्यांच्या एका छोट्या कॉलेजात प्रशिक्षक झाला. मोठ्या विद्यापीठांनी न घेतलेली पोरं त्यानं गोळा केली. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ, गोरे लोक चर्चमध्ये. ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ गुपचूप गाडीतून काळ्यांच्या कॉलेजात आला. दारं बंद करून सामना झाला, कारण कायद्यानं असा सामनाच होऊ शकत नव्हता. काळ्यांचं कॉलेज ८८–४४ नं जिंकलं. मग दोन्ही संघांनी खेळाडू वाटून घेतले, मिसळून आणखी एक डाव खेळले. आणि गप्प राहिले. कित्येक वर्षं ही गोष्ट बाहेर आली नाही.

छोट्या कॉलेजांची तिकडं वेगळी संघटना होती. मोठ्यांच्या नजरेत दुय्यम दर्जाची. तिच्या स्पर्धेत काळा खेळाडू चालत नसे. १९४७ मध्ये इंडियाना स्टेट कॉलेजला आमंत्रण आलं. त्यांचा प्रशिक्षक जॉन वूडन, गोरा. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक काळा पोरगा, तोही बहुधा बाकावर बसणारा. वूडननं कळवलं, त्याला घेणार नसाल तर आम्ही येत नाही. पुढच्या वर्षी, १९४८ ला, बंदी उठली आणि वॉकर खेळला. १९५३ पासून त्या संघटनेनं काळ्यांच्या कॉलेजांना दार उघडलं, आणि मॅक्लेंडनच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजनं १९५७, १९५८, १९५९ असं लागोपाठ तीनदा अजिंक्यपद मारलं. दार चार बोटं उघडलं तर आत शिरून घर ताब्यात घेणं याला म्हणतात.

पँथरच्या पिढीनं, १९७२ पासून, काळ्यांच्या कविता आणि आंदोलनं जवळ केली. बाबासाहेबांनी तर १९४६ मध्येच डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. पण त्यांच्या मैदानाकडं आपण कमी पाहिलं. माझं मत असं की तिकडच्या कवितेइतकंच तिकडच्या मैदानातही आपल्या कामाचं आहे. मॅक्लेंडन आणि बाळू यांच्यात फरक कोणता? दोघांनाही संघाबाहेर ठेवलं. पण मॅक्लेंडनच्या पाठीमागं काळ्यांचं स्वतःचं कॉलेज होतं. गोऱ्यांनी नाही घेतलं तर जायला घर होतं. बाळूला पारशांचा क्लब, साहेबांचा क्लब, हिंदूंचा जिमखाना. आपला म्हणावा असा एकही नाही. ज्याला स्वतःचं मैदान नाही त्याला भरती होण्यावाचून गत नाही. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज का काढलं, १९५० ला औरंगाबादला कॉलेज का काढलं, हे मला इथं जास्त चांगलं समजलं. नुसता फीचा प्रश्न असता तर शिष्यवृत्तीवर भागलं असतं.

बाबासाहेबही भरती झाले होते, हे विसरू नका. ४ जून १९१३ ला त्यांनी बडोदे दरबाराशी करार केला. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, कोलंबियात शिक्षण, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोद्यात नोकरी. अटी कागदावर होत्या. काय देणार, किती दिवस, बदल्यात काय, सगळं लिहिलेलं. सयाजीरावांनी उंची मापली नव्हती. तरीही १९१७ ला नोकरीवर गेले तेव्हा शिपाई लांबून फायली फेकत होते आणि राहायला जागा मिळेना. म्हणजे कागद असला तरी असं होतं. कागद नसला तर काय होतं ते मला विचारा.

आता बाळूची शेवटची भरती. ज्यासाठी आपली माणसं तोंड वाकडं करतात ती.

बाळू काही बाबासाहेबांचा जन्मापासूनचा वैरी नव्हता. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्यांनी त्याचा सत्कार केला होता, तो आपला पहिला मोठा नावाजलेला माणूस. पण पुढं तो गांधींकडं झुकला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर एम. सी. राजांच्या सोबत त्याचीही सही आहे. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे राहिले तेव्हा काँग्रेसनं त्यांच्यासमोर कुणाला उभं केलं? बाळूला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. दोन हजार वीस मतांचं अंतर. बाळूच्या चेंडूवर बाबासाहेब बाद होता होता वाचले म्हणा ना.

मी बाळूला शिव्या देणार नाही. साठीला टेकलेला माणूस. ज्यांनी वाडग्यातून चहा पाजला त्यांच्याच संघात राहून त्यानं कपबशीपर्यंत मजल मारली होती. त्याला वाटलं असेल, मोठ्या संघातही असंच होईल. पण भरती करणाऱ्यांचा हिशोब मला माझ्या बाभळीपाशी उभा राहिल्यासारखा स्वच्छ दिसतो. ग्रेगला हरवायला बाळू पाहिजे होता, तेव्हा चांभार असूनही घेतला. आंबेडकरांना हरवायला बाळू पाहिजे होता, तेव्हा चांभार आहे म्हणूनच घेतला. महारासमोर चांभार. समोर कोण आहे ते बदललं, हात तोच मागितला. आणि तरीही मी म्हणतो की १९२० चा बाळू, शिवराम, विठ्ठल आपले आहेत. ते काँग्रेसला आणि जिमखान्याला कशाला देऊन टाकायचे? ४ जुलै १९५५ ला बाळू गेला. त्याच्या आणि आपल्या मधे जी जातींची भिंत आहे ती आपणही थोडी बांधली आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाला हे आवडणार नाही. मग मला पत्र लिहा, भांडू.

माझं काय झालं ते दोन ओळीत. दुसऱ्या वर्षी उडी मारून खाली आलो तेव्हा उजव्या गुडघ्यात कट्ट असा आवाज झाला. महिनाभर पट्टी. मेसच्या वहीतून नाव कमी झालं, मग होस्टेलच्या. कुणी हाकललं नाही, फक्त माझ्या खोलीत एक नवा उंच पोरगा आला. शिष्यवृत्ती चालूच होती, ती कुणी काढू शकत नव्हतं. पण भाड्याची खोली आणि रोजचं जेवण त्यात बसेना, आणि गावाहून येणंजाणं लंगडत होईना. मी सोडलं. आज वाटतं, सोडायला नको होतं, खिडकीवरच्या त्या क्लार्ककडं जाऊन विचारायला पाहिजे होतं की मागासवर्गीयांच्या सरकारी वसतिगृहात जागा मिळते का. तेव्हा मला मी फक्त गुडघा वाटत होतो.

यंदा उन्हाळ्यात शिरपूरला गेलो. आमच्या गल्लीतलं एक पोरगं, माझ्याहून दोन बोटं उंच. दुसऱ्याच एका कॉलेजच्या सरांनी त्यालाही मापून ठेवलं होतं. त्याची माय मला म्हणाली, "भाऊ, तू गेलता नं, सांग बरं जाऊ द्यू का?" मी म्हटलं, जाऊ द्या काकू, पण नुसतं नका पाठवू. पोराला बसवलं आणि मिलच्या वजनाच्या वहीचं पान फाडून लिहून दिलं. स्कॉलरशिप कोणाच्या खात्यात जमा होईल. मेस आणि होस्टेल किती वर्षं. हात-पाय मोडला तर खोली राहील का, दवाखान्याचं कोण भरेल. परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आला तर काय. जातीचा दाखला आणि टीसी झेरॉक्स चालेल का. आणि सगळ्यात खाली, हे सगळं लिहून द्याल का.

पोरानं सरांना फोन लावला, एकेक वाचून दाखवलं. मी शेजारीच बसलो होतो. सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढं विचारणारा पोट्टा पह्यल्यांदाच पाह्यला. प्राचार्यांना विचारून सांगतो."

पंधरा दिवस झाले, सरांचा फोन आलेला नाही. पोरानं तोवर सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरून टाकला आहे. संध्याकाळी त्या बाभळीला बांबूचं टोपलं बांधून चेंडू मारत असतो. टोपल्याचं बूड अजून काढलेलं नाही. चेंडू आत पडला की त्याचा धाकटा भाऊ काटे चुकवत वर चढतो आणि काढून देतो.